मासे नंतर

मीठ पडलं की पाणी आधी दुधाळ होतं. गॅरेजमधल्या पिंपात गाळून शुद्ध केलेलं पाणी, तळाशी ते फिरवत ठेवणारा लहानसा पंप आणि वरून मी मापट्याने सोडत असलेली पांढरी भुकटी. दोन-तीन मापटी पडली की पिंपाचा तळ दिसेनासा होतो. रात्री दिवा मालवून आत यावं आणि सकाळी दार उघडून पाहावं, तर तळाचा पंप, त्याची वायर, वायरीवर छापलेली बारीक अक्षरंसुद्धा लख्ख. मधल्या वेळात कोणी काही केलेलं नसतं. माझ्या दिवसभरातल्या कामांपैकी इतकं बिनबोभाट पार पडणारं हे एकच काम असावं.

मग मोजमाप. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, हा ढोबळ हिशेब. खरा आकडा सांगायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची वीतभर नळी असते. तिच्या काचेवर एक थेंब टाकायचा, वरची पट्टी दाबायची आणि नळी डोळ्याला लावून उजेडाकडे तोंड करायचं. वर निळं, खाली पांढरं, आणि दोहोंच्या सीमेवर आकडा. तो १.०२५च्या आसपास आला की पाणी समुद्राचं झालं म्हणायचं. आकडा मिळाला तरी मी बोट बुडवून जिभेला लावतोच. मालवणात वाढलेल्या माणसाला समुद्राची खात्री डोळ्यांनी पटत नाही.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज जगभरचे समुद्र धुंडाळत हिंडलं. ठिकठिकाणचं पाणी त्याने बाटल्यांत भरून आणलं. त्यांतल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिट्मार या रसायनशास्त्रज्ञाने केलं आणि १८८४ साली ते छापून आलं. पाणी कुठे जास्त खारट निघालं, कुठे कमी. पण त्यातल्या मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखंच. नदी येऊन मिळो, ऊन तापो, बर्फ वितळो, कमीजास्त होतं ते पाणी. क्षारांची वाटणी मोडत नाही. म्हणून तर कुठल्याशा कारखान्यात पिशवीत भरलेली भुकटी अरबी समुद्राच्या माशालाही चालते आणि मी राहतो त्या फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या माशालाही. हे वाचल्यापासून पिंपात बोट बुडवताना मला उगीचच बरं वाटतं. घर सुटलं, भाषा अर्धी सुटली, पण मीठ तेच आहे. अर्थात हा दिलासा पिंपापुरताच, हे टाकी भरल्यावर कळतं.

टाकी चार फुटी. तिच्यात ते पाणी ओतलं, हीटरने पंचवीस-सव्वीस अंशांवर आणलं, पंपाने खेळवलं, वर दिवा लावला. पाणी इतकं नितळ, की पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथ्या वाचाव्यात. क्षार बरोबर, ऊब बरोबर, प्रवाह बरोबर. आणि या पाण्यात मासा सोडला, तर तो बहुधा आपल्याच उच्छ्वासाने मरेल. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो. खऱ्या समुद्रात तो अमोनिया उचलायला कोणीतरी टपलेलंच असतं. इथे कोणी नाही. माशाच्या अवतीभोवती त्याचंच विष साचत जाणार. समुद्राची रेसिपी पाळून, ग्रॅम-ग्रॅम मोजून केलेलं हे पाणी समुद्रासारखं फक्त चवीला होतं.

उरलेलं आणायला मी किनाऱ्यावर गेलो. टॅम्पाच्या उत्तरेला टार्पन स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीसहून आलेल्या पाणबुड्यांनी तिथे समुद्रातले स्पंज काढायचा धंदा वाढवला. त्याच किनाऱ्याला, मेक्सिकोच्या आखातात, आता आणखी एक शेती होते: दगडांची. सागरी टाकी सजवणाऱ्यांना जिवंत दगड लागतात. जिवंत म्हणजे ज्यांच्यावर आणि ज्यांच्या छिद्राछिद्रांत जीव वस्तीला आहेत असे. एके काळी लोक ते थेट समुद्रातून उपटून आणत. फ्लोरिडा राज्याने आपल्या हद्दीत त्यावर १९८९ साली बंदी घातली, आणि १९९७पासून त्यापलीकडच्या केंद्राच्या हद्दीतही ते बंद झालं. तेव्हापासून रीत अशी: समुद्रतळाचा एक तुकडा सरकारकडून भाड्याने घ्यायचा, जमिनीवरच्या खाणीतला चुनखडक होडीतून नेऊन तिथे टाकायचा आणि घरी यायचं. काही वर्षांनी बुडी मारून तोच खडक वर काढायचा. नैसर्गिक खडकापासून तो वेगळा ओळखू यायला हवा, अशी सरकारी अट असते. काढलेल्या जागी नवा टाकायचा.

फ्लोरिडाचा चुनखडक म्हणजे तरी काय? लाखो वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. शिंपले, प्रवाळ, सूक्ष्म जीवांची कवचं यांचा दाबून झालेला थर. पाणी ओसरलं, तळ उघडा पडला, त्याच्यावर गवत उगवलं, रस्ते झाले, घरं झाली. आता त्याच थरात खाण खणून कोणीतरी तो पुन्हा समुद्रात नेऊन टाकतो, समुद्र त्याला ओळख विचारत नाही, पुन्हा त्याच्यावर जीव येऊन बसतात. आणि मग मी पौंडाच्या हिशेबाने तो विकत घेतो.

मी गेलो तिथे ताडपत्रीच्या सावलीत लांबच लांब हौद होते, त्यांत समुद्राचं पाणी वाहत होतं आणि पाण्याखाली दगड मांडून ठेवले होते. गाडीचं दार उघडलं तेव्हाच वास आला. त्या वासाचं वर्णन मराठी माणसाला करून सांगावं लागत नाही, निदान रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्याला तरी नाही. सुकतीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडपांचा वास. थोडा शेवाळाचा, थोडा कालवांचा, थोडा कशाचा तरी कुजल्याचा. पाण्यात हात घालून मी दगड उचलले. एकावर नारिंगी स्पंज, एकावर किरमिजी रंगाचा टणक थर, एकाच्या भोकातून बारीक पिसारा बाहेर आलेला. माझी सावली पडताच तो आत गेला. वजन करणाऱ्या माणसाला मी विचारलं, यात नेमकं काय काय असतं? तो म्हणाला, ते मलाही ठाऊक नाही. घरी गेल्यावर तुम्हीच मला कळवा.

मालवणातल्या आमच्या घरापासून खडपं फार लांब नव्हती. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला आई आणि शेजारच्या बायका कोयत्या घेऊन कालवं काढायला जात. आम्ही पोरं मागून. कोयतीच्या टोकाचा एक ठोका, कवचाचं झाकण निघायचं, आत करडी ओलसर गोळी. खडपावर पाय कुठे ठेवायचा हे त्या आम्हाला शिकवत नसत. एकदा कापला की कळायचं. तो दगड जिवंत आहे हे आमच्यातल्या कोणाला सांगायला शास्त्रज्ञ आला नव्हता. जिवंत नसता तर रात्रीच्या सारात काय घातलं असतं? मेक्सिकोच्या आखाताला मात्र अशी भरघोस सुकती नाही. या बाजूला पाणी जेमतेम हातभर खालीवर होतं. दगड कधी उघडे पडत नाहीत, म्हणून ते पाहायला बुडी मारावी लागते, किंवा माझ्यासारखं पैसे मोजून घरी आणावे लागतात.

फोनवर आईला हे सांगितलं, तेव्हा पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “दगडाक पैशे?” आणि नंतर, हिशेब पुरता लागत नाहीसा वाटून, “आणि मासो खंय?”

मासा नव्हता. बराच काळ नसणार होता. पाण्याने भरलेल्या टबांतून दगड घरी आले, टाकीत रचले गेले. एकावर एक, पण काचेला न टेकता, मधून पाणी फिरेल अशा फटी ठेवत. टाकीतलं पाणी गढूळ झालं, रात्रीतून निवळलं. प्रवासात काही जीव मेलेच होते. त्यांच्या कुजण्यातून अमोनिया सुटला, आणि ज्याची वाट पाहायची असते ते सुरू झालं.

दगडांच्या छिद्रांत असे जिवाणू राहतात, ज्यांना अमोनिया हेच अन्न. ते त्याचं नायट्राइट करतात. दुसरे नायट्राइटवर जगतात आणि त्याचं नायट्रेट करतात. उजेड नको, दुसऱ्या जिवाचं मांस नको, पान नको. एक रसायन जाळून त्यावर संसार. अशी जगण्याची तऱ्हा असू शकते हे सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास झुरिचमध्ये शेतातल्या मातीवर काम करताना दाखवून दिलं. आणि दगडाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, आणखी एक जमात असते. ती नायट्रेटमधलाच ऑक्सिजन घेते आणि राहिलेला नायट्रोजन वायू सोडून देते. तो पाण्यातून वर येतो आणि माझ्या दिवाणखान्याच्या हवेत मिसळतो. म्हणजे माशाच्या कल्ल्यातून निघालेली घाण शेवटी हवा होते. पण त्यासाठी दगडाला आत एक कोंदट, अंधारी जागा लागते. ज्या दगडात छिद्रं नाहीत, खोली नाही, तो कितीही देखणा असला तरी या कामाचा नाही.

आईला हे कसं सांगावं याचा मी विचार करत होतो. शेवटी म्हटलं, हे दगड म्हणजे विरजण. दूध माझं, भांडं माझं, ऊब माझी. पण दही लावायला दुसऱ्याच्या घरचं चमचाभर विरजण आणावंच लागतं, आणि एकदा लावलं की झाकण उघडून सारखं बघायचं नसतं. तिला हे पटलं. मला मात्र सारखं बघायची परवानगी होती, किंबहुना बघणं हेच काम होतं. काचेच्या चिमुकल्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंगाच्या तक्त्याशेजारी धरायचं. अमोनियाच्या नळीत पिवळ्याचा हिरवा झाला. काही दिवसांनी हिरवा उतरत गेला आणि नायट्राइटची नळी जांभळी झाली. मग जांभळाही फिका पडला. पाणी मात्र या सगळ्या काळात बघणाऱ्याला जसंच्या तसं. घडत होतं ते नळीत उतरल्याशिवाय दिसत नव्हतं.

याच काळात दिवाळीच्या फराळाला मंडळी आली. टाकीभोवती कोंडाळं झालं. एका लहान मुलीने काचेला नाक लावून सगळे कोपरे शोधले आणि विचारलं, “फिश कुठे आहेत, काका?” मोठ्यांनी तेच जरा आडवळणाने विचारलं. दगड छान आहेत, कधी सुरू करणार? मी म्हटलं, सुरू आहे. कोणाला ते पटल्याचं दिसलं नाही. त्यांचा दोष नाही. लहानपणी मामाकडे मुंबईला गेलो की चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेत. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आम्हा गावच्या पोरांना मुंबईतल्या मुंबईसारखं वाटायचं. प्रत्येक काचेखाली पाटी असे आणि पाटीवर माशाचं नाव. मागच्या दगडांना नाव नव्हतं. दगड म्हणजे मासा उठून दिसावा म्हणून मागे लावलेला पडदा, अशीच माझीही समजूत होती.

पडदा आधी लावायचा आणि नट नंतर आणायचा, हा क्रमसुद्धा फार जुना नाही. बराच काळ सागरी टाक्या ठेवणारे लोक स्वच्छतेचे पुजारी होते. प्रवाळाचे सांगाडे ब्लीचमध्ये घालून पांढरेशुभ्र करायचे, घासायचे, पुन्हा मांडायचे. जिवंत दगड म्हणजे रोगाचं घर. जकार्तात राहणाऱ्या ली चिन एंग यांनी याच्या उलट केलं. समुद्रातले दगड त्यांच्यावरच्या वस्तीसकट टाकीत ठेवले, बारीक बुडबुडे सोडणारी हवेची एक नळी लावली आणि बाकी सगळं दगडांवर सोडून दिलं. १९६१ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. पुढे बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी त्याला फेस काढणारं यंत्र आणि प्रखर दिवे जोडले, आणि जगभर ती रीत बर्लिनच्या नावाने ओळखली जाऊ लागली. जकार्ताचं नाव मागे पडलं. पण मूळ धाडस तिथलं होतं. आपल्याला जे माहीत नाही ते धुऊन काढायचं नाही, राहू द्यायचं, हे ते धाडस.

राहू दिलेले कोण, ते रात्री कळतं. दिवे मालवल्यावर तासाभराने लाल काच लावलेली विजेरी घेऊन मी टाकीपुढे बसतो. तो लाल उजेड त्यातल्या पुष्कळांच्या लेखी अंधारच असतो. दगडाच्या एका भोकातून सापतारा आपला बारीक, काटेरी हात बाहेर काढून पाण्यात चाचपडत असतो. बाकीचे हात आणि धड मी अजून पाहिलेलं नाही. गुलाबीसर, कडेला पांढऱ्या केसांची झालर असलेला किडा वितभर बाहेर येतो, उरलंसुरलं चिवडतो आणि मागच्या मागे आत ओढला जातो. त्या झालरीला हात लावला तर बोटात कुसळं भरतात. काचेवर पांढरे ठिपके उड्या मारत असतात, ते खवल्याएवढेही नसलेले झिंग्याचे भाऊबंद. दिवसा ज्याला मी दगडाचा उंचवटा समजत होतो, तो रात्री दोन बोटं सरकलेला असतो.

आणि आवाज. दिवाणखान्यात कोणी नसताना, मध्येच, काचेवर नाणं आपटावं तसा ‘टक्’. पहिल्यांदा वाटलं, काच तडकली. मग कळलं की आखातातून कोणी पिस्तुल कोळंबी आलेली असावी. तिचा एक पंजा मोठा असतो. तो ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याची धार सुटते आणि त्या धारेत एक पोकळ बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो पंजावर पंजा आपटून नव्हे, तर हा बुडबुडा फुटून. नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. दुसऱ्या महायुद्धात या कोळंब्यांच्या थव्यांच्या कडकडाटामुळे पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांना कानाने ऐकणं अवघड होत असे. ती माझ्या टाकीत नक्की आहे का, असेल तर कोणत्या दगडात, हे मला सांगता येत नाही. दिसलेली नाही. पण घरातल्या सगळ्यांना तिची सवय झाली आहे. टीव्ही चालू असताना ‘टक्’ झालं की बायको वर न बघता म्हणते, जागी आहे.

दरम्यान दगड रंग बदलत राहिले. आधी सगळ्यांवर तपकिरी धुरळा बसला; ते डायटम. ते ओसरले, मग हिरवी लव आली, कोपऱ्यात काळपट लाल साय धरली. पुसून काढावं असं हाताला सारखं वाटतं. ज्यांनी या टाक्यांत आयुष्य घालवलं आहे ते सांगतात, थांबा. प्रत्येक थर पाण्यातलं काहीतरी खाऊन संपवतो आणि स्वतःही संपतो. त्यानंतर, फार सावकाश, काचेवर तांदळाच्या कणीएवढे जांभळट गुलाबी ठिपके उमटतात. ते कोरलाइन शेवाळ. दगडासारखं कठीण, पाण्यातला चुना घेऊन वाढणारं. ते दिसलं की टाकी बसली म्हणतात. माझ्याकडे ते आधी पंपाच्या काळ्या प्लॅस्टिकवर आलं. एवढे दगड घालून दिले, त्यांतली जागा सोडून त्याला कारखान्यातलं प्लॅस्टिक पसंत पडलं.

रोजचं काम त्या मानाने साधं आहे. एअर कंडिशनरच्या कोरड्या हवेत पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. समुद्रात रोज थोडं गोडं पाणी ओतत राहिलं तरच तो तेवढाच खारा राहतो. काचेच्या कडेने, वायरीवरून, झाकणाच्या फटीतून मिठाचे पांढरे तुरे बाहेर येतात, ते ओल्या फडक्याने पुसायचे. एक दिवस चुकला तर आकडा किंचित वर. त्या किंचितसाठी मी नळी डोळ्याला लावून बसतो, आणि मला आमची खडपं आठवतात. वैशाखाच्या दुपारी सुकतीला त्यांच्या खळग्यांतलं पाणी तापून मिठागरासारखं होतं आणि आषाढात त्याच खळग्यांत पावसाचं पाणी भरतं. कालवं तोंड मिटून दोन्ही काढतात. माझ्या टाकीतल्यांना मी फार लाडावून ठेवलं आहे.

घरात समुद्र आणण्याची ही हौस मूळची इंग्लंडची. फिलिप हेन्री गॉस हा निसर्गतज्ज्ञ डेव्हनच्या किनाऱ्यावर खडकांतल्या डबक्यांत गुडघाभर पाण्यात उभा राहून जीव गोळा करायचा, त्यांची सुंदर चित्रं काढायचा. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यात त्याचा हात होता. १८५४ साली त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं. चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरी कसं करावं, हेही त्याने लिहिलं. म्हणजे माझ्या गॅरेजातल्या पिंपाचा आजोबा तोच. पुस्तक वाचून लोक बरण्या, बादल्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्याला लोटले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे की बापाने ज्या डबक्यांचं वैभव जगाला दाखवलं, ती डबकी त्या दाखवण्यानेच उजाड झाली. आपल्याला जे फार आवडतं ते दुसऱ्याला सांगू नये, असा याचा अर्थ घ्यावा का? गॉसने सांगितलं नसतं तर त्या डबक्यांत काय होतं हे तरी कोणाला कळलं असतं?

आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे. किल्ला पाहायला दरवर्षी शाळेची सहल जाई, पण होडीखाली काय आहे ते आम्हाला कोणी दाखवलं नाही. आता पर्यटक तोंडाला नळी लावून तेच बघायला येतात. १९८७ साली तो भाग सागरी अभयारण्य झाला. २००१ सालापासून भारतात खडकबांधणी करणारं सगळं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. त्यामुळे प्रवाळाचा जिवंत दगड घरच्या टाकीत ठेवणं तिथे गुन्हा ठरतो. तिथले हौशी लोक कृत्रिम दगड आणि बाटलीतले जिवाणू यांच्यावर भागवतात आणि जास्त दिवस वाट पाहतात. २०२०मध्ये मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीजवळच्या खडकांवरचं प्रवाळ उचलून दुसरीकडे बसवलं, ही बातमी मी इथे बसून वाचली. वरळीच्या त्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहे, हे बातमी येईपर्यंत किती मुंबईकरांना माहीत होतं?

इकडे चित्र आणखी उलटं होत चाललं आहे. टॅम्पाजवळच्या प्रयोगशाळेत फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमच्या शास्त्रज्ञांनी खोटा सूर्य, खोटा चंद्र, ऋतूंप्रमाणे बदलणारी पाण्याची ऊब अशी सगळी मांडामांड करून २०१९च्या ऑगस्टमध्ये पिलर कोरल नावाच्या प्रवाळाला टाकीत प्रजनन करायला लावलं. समुद्रात त्याची इतकी थोडी झाडं उरली होती, आणि तीही इतकी लांब लांब, की त्यांची एकमेकांशी गाठ पडणं मुश्कील. २०२३च्या जुलैत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला मॅनॅटी बे इथे पाण्याचं तापमान ३८ अंशांवर गेलं. समुद्रात वाढवलेली प्रवाळाची रोपं तेव्हा घाईघाईने काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवली गेली. ज्या काचेने एकदा किनारे ओरबाडले, तिच्याच आड आता समुद्राची काही लेकरं उन्हाळा संपण्याची वाट पाहत बसली आहेत. माझी चार फुटी टाकी त्या कामाची नाही. ती कोणाला वाचवत नाही. पण हीटरचा आकडा एका अंशाने जरी चढला तरी आता मी उठून बघतो.

मासे आणायला हरकत नाही असं नळ्यांमधले रंग कधीपासून सांगत आहेत. दुकानात जाऊन आलो. विदूषक मासे पाहिले, एक पिवळा टँग पाहिला, हात हलवत परत आलो. कारण मधल्या काळात एका दगडाच्या कपारीतून एक काळसर खेकडा बाहेर येऊ लागला आहे. सुपारीएवढा. पंजे अंगाच्या मानाने दांडगे. बहुधा दगडी खेकड्याचं पिल्लू असावं. मोठेपणी इथे त्याला फार मान: फक्त पंजा मोडून घ्यायचा आणि खेकडा पुन्हा पाण्यात सोडायचा, असा फ्लोरिडाचा नियम आहे. पंजा परत उगवतो. टाकी ठेवणाऱ्या अनुभवी मंडळींचा सल्ला एकमुखी आहे. तो काढ, नाहीतर रात्रीतून झोपलेले मासे खाईल. पेला तिरका ठेवायचा, आत कोळंबीचा तुकडा टाकायचा, तो आत घसरतो आणि काचेवरून वर येता येत नाही.

व्हिडिओ कॉलवर आईने फोन काचेजवळ न्यायला लावला. सापतारा, पिसारे, गुलाबी ठिपके यांच्यावरून तिची नजर नुसती घसरत गेली. मग कपारीत तो दिसला, आणि तिचा चेहरा एकदम पडद्याजवळ आला.

“कुर्ली ती! काढू नको हां.”

मी म्हटलं, “अगो, पण मासे खाईल म्हणतत.”

“मग मासे हाडू नको,” ती म्हणाली. “बारीक आसा अजून. वाढांदे तिका.” वाढल्यावर काय, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, तिरफळं इथे मिळतात का, हे मात्र तिने पुढच्याच वाक्यात विचारून घेतलं.

पेला अजून ठेवलेला नाही. दुकानदार दर शनिवारी विचारतो, टँग बाजूला काढून ठेवू का? तो मासा आणलाच, तर त्याला जागा मी देणार हे खरं. पण कपारी, अंधार, तळाशी पडलेल्या तुकड्यावरचा हक्क, यांचं वाटप त्याच्या आधीच होऊन गेलेलं आहे. नव्या बिऱ्हाडाला तिथे ठेवून घ्यायचं की नाही, हे कुर्ली मला विचारून ठरवील असं काही वाटत नाही.